माळ माळच राहू द्यावा की झाडं लावावीत?

खडकाळ

घरच्यांनी कधीच न कसलेली, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंद असलेली काही एकर जमीन आता माझ्याकडे आली आहे. पर्जन्यछायेचा पट्टा, पाऊस साधारण ५५० मिलिमीटर आणि तोही लहरी. वीतभर माती, खाली मुरूम, मधूनमधून उघडा कातळ. शेती करायची नाही, प्लॉटिंग तर नाहीच. इथलं मूळचं जे काही होतं ते परत यावं, एवढीच इच्छा आहे.

जमिनीचे सरळ तीन भाग पडतात. वरच्या माथ्यावर गुरांनी खाऊन घोट्याएवढं उरलेलं गवत आहे, त्यात बोर, हेंकळ, तरवड. मधल्या उतारावर कोणे एके काळी लावलेल्या ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीच्या रांगा आहेत आणि त्यांच्याखाली जवळजवळ काही उगवत नाही. खालच्या ओघळीच्या दोन्ही काठांना घाणेरी माजली आहे, आत शिरताही येत नाही.

एक उत्साही मंडळ मदतीला तयार आहे. त्यांचा बेत असा: जेसीबीने सलग समतल चर, चरांच्या भरावावर वड, पिंपळ, कडुनिंब, करंज आणि माथ्यावर मियावाकी, म्हणजे अगदी दाटीने लावलेलं छोटं जंगल. रोपं त्यांची, खड्डे त्यांचे. सगळी झाडं देशी आहेत असं ते सांगतात आणि ते खरंही आहे. तरी मन घेत नाही. हे करावं का? नसेल तर सुरुवात कुठून करू?

कुसळी

मन घेत नाही ते बरोबरच आहे. मंडळाला आधी थांबवा. वरच्या माथ्याला तर कुणालाही हात लावू देऊ नका, तुमच्या तिन्ही तुकड्यांत सगळ्यात मौल्यवान तोच आहे.

साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि मुरमाड जमीन म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. तो मुळातच गवताचा माळ आहे, ज्यात झाडं विरळ असतात. १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी झाली, तिच्यात दख्खनचा हा सगळा पट्टा सेहिमा-डायकँथियम या गटात येतो. आपल्या भाषेत पवन्या-शेडा आणि मारवेल. त्यांच्यात मधूनच हिवर, बोर, खैर, बाभूळ, पळस, मेडशिंग. वड आणि पिंपळ देशी आहेत, पण देश केवढा मोठा! तुमच्या माथ्यावर ते कधी नव्हते.

ही गवतं उन्हातली आहेत. सावली पडली की ती मागे हटतात, आणि मग त्यांच्या आधाराने राहणारं सगळंच हटतं. माळटिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्या-शिकऱ्यांना टेहळणीला जागा मिळते. खोकड, लांडगा, चिंकारा यांनाही लांबवर दिसणारा मोकळा माळच लागतो.

सुरुवात म्हणाल तर पाहण्यापासून करा. पूर्ण एक वर्ष. मृगाचा पहिला पाऊस झाला की माथ्यावर गुडघे टेकून बसा. पांढरी मुसळी, भुईचक्र, कोळकांदा यांच्यापैकी काही जमिनीतून वर येतंय का ते बघा. येत असेल तर ती जमीन कधी नांगरलेली नाही असं समजायला हरकत नाही, कारण हे कंद एकदा गेले की सहजी परतत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात खरपुडी शोधा. तिच्या कित्येक जाती महाराष्ट्राबाहेर सापडतच नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतांना तुरे येतात, ओळख पटवायला तोच काळ सोपा. फोटो इथे टाका, नावं सांगणारे पुष्कळ आहेत.

वृक्षमित्र_अण्णा

झाडं लावू नका असा सल्ला इथे पहिल्यांदाच वाचतोय! उन्हाळा दरवर्षी वाढतोय, भूजल खाली चाललंय, आणि आपण रिकामा माळ रिकामाच ठेवायचा? कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून, झाडं लावून, पाणी अडवून गावंच्या गावं उभी राहिली आहेत, हिवरे बाजारचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हौसेने रोपं द्यायला आलेल्या मुलांना परत पाठवणं मला तरी पटत नाही. ज्याला फुलं-गवत बघायचं आहे त्याने कासला जावं.

कुसळी

अण्णा, तुमची तळमळ खोटी नाही. पण हिवरे बाजारच्या यशात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा वाटा रोपांइतकाच, कदाचित जास्तच आहे. तिथल्या डोंगरावर आधी वाढलं ते गवत, आणि लोक ते कापून नेऊ लागले.

भूजलाचंही तेच. बारमाही गवताचे ठोंब मुरमाला घट्ट धरून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतात. झाड वाईट नाही, पण पाणी झाडही पितं. उथळ मुरमावर दाट झाडी उभी केली तर मुरलेल्या पाण्यातला मोठा वाटा तीच ओढून घेते. आणि कार्बनचं म्हणाल तर माळाचा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तरी त्यातला बराचसा तिथेच राहतो.

मियावाकी पद्धतीबद्दल एवढंच. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतितज्ज्ञ. त्यांचा सगळा भर ‘त्या जागी मुळात कोणतं जंगल उभं राहिलं असतं’ या प्रश्नावर होता. भरपूर पाऊस आणि मूळचं जंगल असलेल्या जागी एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावणं समजू शकतं. आपल्याकडे तो प्रश्न गाळून फक्त दाटी उचलली गेली. माथ्यावर बाहेरची माती, शेणखत, टँकरचं पाणी घालून ती झाडं दोन-तीन वर्षं हिरवी दिसतीलही. पण त्या खताने माळाचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. माळाच्या वनस्पती भुकेल्या जमिनीच्या सवयीच्या असतात. जमीन सकस केली की त्यांना मागे टाकून तण माजतं.

झाडं हवीतच ना? ओघळीत लावा. तिथे पाणी आहे, माती आहे, आणि तिथे ती मुळातही होती.

तरटी

आमच्या भागात पूर्वी घनदाट जंगल होतं, लोकांनी तोडून माळ केला, ही समजूत फार खोल रुजली आहे. तिला छेद देणारं एक काम २०२५ साली प्रसिद्ध झालं. संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मय, ओव्या, देवस्थानांच्या कथा चाळल्या आणि त्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या ठिकाणी कोणती झाडंझुडपं आली आहेत ती नोंदवली. त्यातल्या रानच्या वनस्पतींपैकी बहुतेक काटेरी, उघड्या माळाच्याच निघाल्या. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीही हा प्रदेश मोकळाच होता, इंग्रजांच्या काळात किंवा नंतर तोडून तो उघडा झालेला नाही.

हे वाचताना कान्होपात्रेची आठवण झाली नाही तर नवल. पंढरपूरच्या देवळात ती तरटी होऊन राहिली अशी श्रद्धा आहे. तरटी ही कोरड्या माळरानाची काटेरी वनस्पती. कथा रचणाऱ्यांनी देवळाच्या आवारात आंबा-फणस उभा केला नाही, भोवताली जे दिसत होतं तेच घेतलं. (माझ्या आयडीमागचं कारणही हेच, हे जाता जाता.)

खडकाळ, तुमच्या गावात अशा पाऊलखुणा शोधा. जुनी शेतनावं, म्हसोबाच्या कथा, जात्यावरच्या ओव्या. ‘हिवराचा माळ’, ‘बोरीची पट्टी’, ‘पळसाचं टेक’ अशी नावं निघाली तर लागवडीची यादी अर्धी तयार झाली म्हणून समजा.

प्रश्नांकित

चांगली चर्चा. एक शंका. झाडं नकोत हे पटलं, पण चर खणायला काय हरकत आहे? पाणी तर मुरेल.

दगडफूल

हरकत आहे, आणि मोठी आहे. सलग समतल चर म्हणजे ठरावीक अंतरावर संपूर्ण उतार चिरणं. चरात जेवढं गवत होतं ते गेलं, काढलेला मुरूम ज्या पट्ट्यावर टाकला तिथलं दडपून मेलं. शिवाय जेसीबी ये-जा करतो ती जमीन वेगळीच. उलथलेल्या मुरमावर पहिल्या पावसात येतं ते गाजरगवत, मागोमाग रानतुळस, आणि हल्ली पिवळा कॉसमॉस. उघड्या-बोडक्या, वाहून गेलेल्या डोंगरावर चरांचा उपयोग होतो, तिथे गमवायला काही उरलेलंच नसतं. पण जिवंत ठोंब असलेल्या माळावर ते नको. खडकाळ यांच्याकडे ओघळ आहे, तिच्यात जागोजागचे दगड रचून अनघड दगडी बांध घालावेत. वरून सुरुवात करून खाली यावं. गुडघ्याएवढी उंची पुरे. गाळ तिथे आपोआप धरतो आणि पुढे उंबर-करंज त्या गाळातच बसतात.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो. लावण्याआधी काढायचं असतं, आणि काढायची पद्धत चुकली तर आहे त्यापेक्षा जास्त होतं.

घाणेरी. कोयत्याने कापलीत तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटते. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथल्या गाठीतून ती फुटत असते. त्यामुळे माती ओली असताना त्या गाठीच्या खाली, जमिनीच्या आत, मुळावर घाव घालायचा आणि अख्खं झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं. प्राध्यापक सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत कॉर्बेटच्या परिसरात वापरून दाखवली, ना रसायन ना यंत्र. फळं पिकायच्या आधी हे उरका. त्यानंतरची दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात फेरी मारून रोपटी उपटावी लागतात, यात सूट नाही. बुलबुल, साळुंक्या बिया आणत राहणारच, त्यामुळे जिथे पक्षी बसतात त्या फांद्यांखाली आधी बघा.

संपूर्ण ओघळ एकदम मोकळी करू नका. त्या घाणेरीत आज ससे, तित्तर, मुंगूस राहत असणार. तुकड्या-तुकड्याने काढा आणि मोकळ्या तुकड्यात निरगुडी, करवंद, धायटी येऊ द्या, मग पुढचा तुकडा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ब्रॅडली भगिनींनी १९६०च्या दशकात हाच क्रम रूढ केला: सर्वांत चांगल्या जागेपासून सुरू करायचं आणि खराब जागेकडे सरकायचं, जमीन भरून येईल त्या वेगाने. आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यात वाईट कोपऱ्यात पहिली सगळी ताकद घालवतो.

सुबाभूळ. बोटाएवढी रोपं पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर मुळासकट उपटता येतात. मोठं झाड नुसतं कापलं तर बुंध्यातून झुबकाच्या झुबका येतो. त्यापेक्षा कमरेखाली हातभर रुंदीच्या पट्ट्याची साल गोल काढा, आतला ओला पापुद्रा खरवडून टाका आणि झाड उभंच वाळू द्या. खाली फुटवे आले की खुडत राहायचं. जमिनीतलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून शेंगा वाळण्याआधी काढणं हे अर्धं काम.

ग्लिरिसिडिया. बी कमी, पण तोडलेली फांदी ओल्या मातीवर पडली तरी रुजते. फांद्या रचून ठेवू नका, बाहेर न्या. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ दोन्ही हवेतला नत्र मातीत आणतात. शेतात तो गुण आहे, माळावर मात्र त्याच नत्रावर तण पोसतं. म्हणून झाडं गेल्यावर एक-दोन पावसाळे तिथे गाजरगवत दिसलं तर घाबरू नका, फुलावर यायच्या आत उपटा. त्याच्या पानांवर फिकट अंगावर तपकिरी उभ्या रेघांचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. १९८४ पासून आपल्याकडे मुद्दाम सोडलेले मेक्सिकन भुंगे आहेत ते, गाजरगवतच खातात.

मेंढका

नमस्कार मंडळी. मी बोलतो ते थोडं वेगळं वाटेल. आमची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या या माळांवर फिरली. पावसाळ्यात इकडे, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं, परत येताना ज्याच्या वावरात बसवली त्याला खत. आता जो तो तारेचं कुंपण घालतो आणि म्हणतो चराईमुळे माळ गेला. माळ गेला ते नांगरामुळे, एमआयडीसीमुळे, आणि ह्या ग्लिरिसिडियाच्या लागवडीमुळे. ग्लिरिसिडियाच्या रांगांत मेंढरू चारायचं तरी काय?

पण खरं तेही सांगतो. एकाच जागी बारा महिने गुरं सोडली तर माळ संपतो. आधी पवन्या, मारवेल जातं, कारण जनावराला तेच गोड लागतं. मग कुसळीचं गवत वाढतं. कुसळीही गेली की बारीक वाळकं गवत, जे पावसाळा संपला की उडून जातं. खडकाळ साहेबांनी माथ्यावर बारीक वाळकं गवत आहे की कुसळी ते बघावं, त्यावरून माळ किती थकलाय ते कळतं.

माझं म्हणणं, कुंपण घालून कायमचं बंद करू नका. पहिले दोन पावसाळे, जून ते गवताला बी पडेपर्यंत जनावर नको. मग दिवाळीनंतर थोड्या दिवसांसाठी येऊ द्या. मेंढरांच्या पायांनी बी मातीत दाबलं जातं, वाळकं कमी होतं. तुमच्या भागातल्या मेंढपाळाशी बोलून ठरवा, तो तुमचा राखणदारही होईल. तारेला पक्कड लागते, शब्दाला लागत नाही.

कुसळी

मेंढकादादांशी पूर्ण सहमत. गवत मुळीच न खाता-कापता ठेवलं तर वाळक्याचा थर साचतो, नवे फुटवे त्याखाली गुदमरतात आणि फेब्रुवारी-मार्चात एका काडीने सगळं पेटतं. अण्णांनी कासचा उल्लेख केलाच आहे तर सांगतो, तिथेही कुंपण आणि बंद झालेली चराई यांचा फुलांवर काय परिणाम झाला यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला होता.

मेंढरं येणार नसतील तर बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, चार बोटं ठेवून गवत कापा. दरवर्षी सगळा माळ कापू नका, एक पट्टा उभा ठेवा, दरवर्षी पट्टा बदला. त्या उभ्या गवतात कीटकांची अंडी-कोश असतात, लाव्यांना आडोसा मिळतो. हद्दीला जानेवारीच्या आत जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढा. रस्त्याकडेच्या बाजूला तो जरा रुंदच काढा, बिडी तिकडूनच येते.

जंगलवेडा_कोकण

इकडच्यासाठी थोडं वेगळं सांगतो, नाहीतर एखादा कोकणवाला हा धागा वाचून स्वतःची राई मोडायचा. जिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे जंगल हाच मूळ धर्म. आणि तिथेसुद्धा लावण्याआधी थांबणंच चांगलं. तोडलेल्या जमिनीत किंजळ, ऐन, गेळा, जांभा अशांचे बुंधे जिवंत असतात. तोड थांबवली, वणवा थांबवला, एका बुंध्यावर आलेल्या पाच-सहा फुटव्यांतले दोन ठेवून बाकी छाटले, की काही वर्षांत माणूस हरवेल एवढी झाडी होते. रोप लावलंच नाही तरी. विकत आणलेलं रोप या बुंध्याची बरोबरी करत नाही, त्याला खाली तयार मुळांचं जाळं असतं.

फक्त सडे सोडा. जांभ्या दगडाच्या कातळावर पाऊल बुडेल एवढीही माती नसते, तरी पावसात तिथे सीतेची आसवं, दवबिंदू, कितीतरी भुईऑर्किड. तिथे माती आणून आंबा-काजू लावणं म्हणजे खडकाळ यांच्या माथ्यावरच्या मियावाकीचं सख्खं भावंड.

सातबारा

कायद्याचं थोडं. कंटाळवाणं आहे, पण आधी वाचलेलं बरं.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट पाहा. खाजगी वन किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ ची नोंद असेल तर मामला वेगळा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली ती जमीन शासनाकडे गेलेली असू शकते, मग काहीही करण्याआधी वकील. तशी नोंद नसेल तर झाडं काढण्याबाबत १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम लागतो. त्याच्या अनुसूचीतली झाडं, उदाहरणार्थ साग, खैर, मोह, हिरडा, खासगी जमिनीवरसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ त्या यादीत नाहीत, तरी एकाच वेळी बरीच झाडं काढायची असतील तर आधी वनपालाला लेखी कळवा आणि पोच ठेवा. शेजारी तक्रार करतोच.

लोक देशी झाडं लावायला बिचकतात त्याचं एक कारण हाच कायदा. उद्या खैर वाढला तर तोडता येणार नाही, म्हणून लोक सुबाभूळच लावतात. माझ्या मते कायद्याचा हेतू चांगला, परिणाम उफराटा.

बी गोळा करायला जाणार असाल तर अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काडीही उचलू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. देवराईत देवाची आणि गावाची परवानगी.

रोपवाटिका

बियांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पहिला नियम, बी जवळचं. त्याच उंचीवरचं, त्याच पावसाच्या पट्ट्यातलं. विदर्भातला पळस आणि तुमच्या टेकाडावरचा पळस एकाच नावाचे असले तरी सवयी वेगळ्या. रस्त्याच्या कडा, रेल्वेच्या हद्दी, जुन्या स्मशानभूमी, देवाच्या नावाने सोडलेले माळ इथे शोधा. कधी न नांगरलेल्या जागा आता अशाच उरल्या आहेत. एका झाडाखालचं पोतंभर आणू नका, वीस-पंचवीस वेगवेगळ्या झाडांचं मूठ-मूठ आणा. आणि निम्म्याहून जास्त बी जागेवरच राहू द्या.

गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरा हातात ओढला की सुटायला लागला की घ्यायचं. लगेच पेरलं तर उगवत नाही, बऱ्याच जाती काही महिने झोपेत असतात. कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरा. खोल पुरू नका, दाताळ्याने वरवर ओरखडून त्यावर ओल्या वाळूत कालवून फेका. कुसळीला तर तीही गरज नाही, तिचं कुसळ ओलाव्याने पीळ घेतं-सोडतं आणि बी स्वतःच जमिनीत घुसतं. याहून सोपा उपाय: चांगल्या माळावरचं बी भरलेलं गवत कापून तसंच आपल्या मोकळ्या पट्ट्यावर अंथरायचं. त्यात गवताबरोबर बाकीच्या दहा वनस्पतींचं बी फुकट येतं. मारवेल मुळासकट ठोंबांनीही लागतो.

चाऱ्याचं म्हणून बाजारात मिळणारं स्टायलो टाकू नका, ते मूळचं अमेरिका खंडातलं. मारवेलचे सुधारित वाण गोठ्यासाठी उत्तम आहेत, पण माळावर एकाच वाणाचं राज्य नको.

झाडांचं बी प्रत्येकाच्या तऱ्हेने. जांभळाचं ताजंच लावा, वाळलं की मेलं. बहाव्याचं टणक कवच पॉलिशपेपरवर घासल्याशिवाय वर्षभर हलत नाही. बहावा ओघळीच्या कडेला थोडा तरी लावाच, त्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या वाढतात. धावडा बी भरपूर देतो, पण त्यातलं बहुतेक पोकळ निघतं. पिशवीतलं रोप घ्यायचंच तर लहान घ्या. मोठ्या रोपाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेलं असतं आणि मुरमावर ते पुन्हा सरळ होत नाही. हिवर, बोर, खैर, पळस यांचं बी जागेवरच टोकलं तर सर्वांत बरं.

खडकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाशी बोललो. माथा सोडायचा, चर नाहीत, एवढं त्यांनी मान्य केलं. थोडे हिरमुसले, पण ओघळीतली घाणेरी काढायला येतो म्हणाले. ‘हिवराचं टेपाड’ असं शेतनाव खरोखरच निघालं, तरटीताईंना दंडवत.

आता एकच. हे सगळं केल्यावर जमत आलंय की नाही हे कसं ओळखायचं? आणि किती वर्षं?

कुसळी

मोजायला मीटरभर बाजूची चौकट पुरते. माथ्यावर, मधल्या उतारावर आणि ओघळीत काही ठिकाणी खुंट्या ठोकून जागा कायम करा आणि दरवर्षी सप्टेंबरअखेरीस त्याच चौकटींत किती जाती, किती मोकळी माती, किती परकं तण ते लिहा. फोटो एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेला. हिरवेपणा मोजू नका. गाजरगवताचं रानसुद्धा हिरवंच दिसतं.

किती वर्षं, याचं सरळ उत्तर असं. गवताचं आच्छादन तीन-चार पावसाळ्यांत बदललेलं दिसेल. पण जगभरच्या गवताळ प्रदेशांचा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की नांगरलेल्या किंवा झाडं लावून मोडलेल्या माळाला पूर्वीची जातींची संख्या परत मिळवायला किमान शतक लागतं, बऱ्याचदा हजारो वर्षं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३५ च्या सुमारास जुन्या शेतावर प्रेअरी, म्हणजे तिथला गवताळ माळ, पुन्हा उभी करायला घेतली, तिच्यावर अजून काम चालू आहे. म्हणून मी पहिल्यापासून माथ्याबद्दल ओरडतोय. मधला उतार तुमच्या हयातीत बरा होईल, पूर्वीसारखा होणार नाही. माथा मात्र आजच तसा आहे, तो मोडला नाही म्हणजे झालं.

वृक्षमित्र_अण्णा

माथ्याचं पटलं, मान्य. पण ओघळीतला उंबर माझ्या हातचा! घाणेरी काढायच्या दिवशी मीही येतो. फांदी आणू की रोप?

खडकाळ

अण्णा, या की. उंबर तुमचाच.

रोपवाटिका

रोप आणा. उंबराचा खुंट रोवला तर लवकर पाला धरतो, पण मुळं उथळ राहतात आणि ओघळीला पूर आला की पहिला तोच आडवा होतो. जवळच्याच एखाद्या झाडाची पिकलेली उंबरं घ्या, उकलून सावलीत वाळवा, चुरून ते बारीक बी विटेच्या चुऱ्यावर नुसतं भुरभुरवा, वर माती घालू नका. फवाऱ्याने ओल ठेवा. आता केलंत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वीतभर होईल, आणि लावताना दगडी बांधाच्या वरच्या अंगाला, गाळ साठलाय तिथे लावा.